बारामती : उपऱ्यांचें गांव

बारामतीचें नांव निघालें कीं सुशिक्षित मराठी माणसास प्रथम मोरोपंत आठवतात. वस्तुतः पंतांचा जन्म 1729 सालीं पन्हाळ्यास झाला. तारुण्यांत ते बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास कऱ्हेकांठीं आले आणि तेथीलच होऊन राहिले. आश्रयदाते नाईक तरी कुठले? तेही मूळचे कोंकणांतले; पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही, कारण बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई याच घराण्यांत दिली होती. गांवाची जुनी कीर्ति ज्या दोन नांवांवर उभी आहे तीं दोन्ही उपऱ्यांचीं होत.

'मूळचा' आणि 'बाहेरचा' हा भेद या भागांत इतका सैल असूनही त्याच भेदाचा एकदां येथें भडका उडाला. अमेरिकेंतील यादवी युद्ध 1865 त संपलें व कापसाचा चढलेला भाव कोसळला. वाढीव साऱ्याची नवी आकारणी इंदापुरापासूनच सुरू झाली, आणि कुणब्यास सावकाराच्या ओट्याखेरीज जागा उरली नाहीं. 12 मे 1875 रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुप्यास आजूबाजूच्या गांवचे लोक जमले व त्यांनीं गुजराती वाण्यांचीं दुकानें-घरें फोडलीं. हवे होते ते रोखे आणि वह्या. दंग्याचें लोण पसरलें, तरी जमावाचा रोख जिवांपेक्षां कागदांवर राहिला, याचें कौतुक आपले इतिहासलेखक करतात व तें योग्यच आहे. परंतु सरकारी चौकशींत दुसरीही गोष्ट उघड झाली. मार खाल्ला तो बहुतेक मारवाडी व गुजराती सावकारांनीं; ब्राह्मण सावकारांस क्वचितच धक्का लागला. रोखे तर त्यांच्याजवळही होते! नुसत्या कर्जाचा राग असता तर त्यानें अशी निवड केली नसती. आम्हां पांढरपेशांस हा परिच्छेद वाचून पुढें जाणें सोयीचें वाटतें, म्हणून तो येथें मुद्दाम थांबून वाचला. 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा याच दंग्यांतून निघाला.

तो कायदा येण्यापूर्वींच 1876-77 चा दुष्काळ पडला, आणि पोटासाठीं खडी फोडणाऱ्या हातांनीं नीरेच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें. 1885 च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यापासून पाणी खालीं येऊं लागलें. पाणी आलें म्हणून ऊस लगेच आला असें मात्र नाहीं; ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्यास उसाचें भांडवल, खत आणि कसब कोठून असणार? तें कसब घेऊन सासवडचे माळी आले, त्यांनीं खंडानें जमिनी केल्या, आणि गुऱ्हाळांच्या धुरानें शिवार बदललें. 1914 त दौंडाहून अरुंद रुळांची गाडी बारामतीस आली व गुळाची ढेप पुण्या-मुंबईच्या वाटेस लागली. ते रूळ आतां रुंद झाले आहेत, आणि गुळापेक्षां माणसेंच त्यांवरून अधिक जातात-येतात. पुढें इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनीं साखरेचा कारखाना काढून एक नगरच वसविलें. वालचंद सोलापूरचे गुजराती जैन. सुप्यास ज्यांच्या वह्या फाटल्या, त्यांच्याच भाषेंतल्या घरचा माणूस साठ वर्षांनीं शेजारच्या तालुक्यांत हजारोंचा अन्नदाता झाला.

गेलेल्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. 1980 त पुरें झालेल्या उजनीच्या धरणानें भीमेकांठचीं इंदापुरी गांवें पोटांत घेतलीं. पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें आणि विस्थापितांचीं नातवंडें तें पाहावयास जातात.

आज बारामतीची वस्ती पन्नास हजारांवर गेली आहे. सकाळच्या एस. टी.नें खेड्यांतलीं मुलें शिकावयास येतात, औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय कामगार राबतात. त्यांना उपरे म्हणण्याचा धीर त्या गांवास व्हावयाचा नाहीं. पण दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीस जीं कुटुंबें येतात त्यांची मोजदाद माणसांत होत नाहीं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', असा तेथला हिशेब. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बायकोचें नांव त्यांत वेगळें नसतें. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या आवाराबाहेर पाचटाच्या खोपी दिसतात, पहांटेच्या आधींच चुली पेटलेल्या असतात, आणि हंगाम संपला कीं खोपी मोडून, बैलगाड्या भरून तीं माणसें आलीं त्याच वाटेनें परत जातात.