९११चा पैसा कोणाच्या ठरावाने?

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १९७५ साली आणीबाणी दूरध्वनी यंत्रणेचा कायदा केला. असा कायदा का करावा लागतो आहे, याची कारणे त्याच्या सुरुवातीलाच नोंदलेली आहेत. त्यांतली दोन महत्त्वाची. पहिले कारण असे की राज्यभर मदतीसाठीचे हजारो वेगवेगळे क्रमांक चालू आहेत. दुसरे असे की टेलिफोन एक्स्चेंजच्या हद्दी आणि गावांच्या, पोलिसांच्या, अग्निशमन दलांच्या हद्दी एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

पहिले कारण कोणालाही चटकन पटते. दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. कायद्याच्या दुरुस्त्या ओळीने वाचत गेले की दिसते ते असे, की स्थानिक ९११ मंडळांची गरज या न जुळणाऱ्या हद्दींतूनच उभी राहिली.

थोडे मागे जाऊ. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने १९६७च्या अहवालात मदतीसाठी एकच क्रमांक असावा अशी शिफारस केली. जानेवारी १९६८मध्ये एटी अँड टी कंपनीने ९११ हा आकडा जाहीर केला. १६ फेब्रुवारीला अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात तिथल्या एका स्वतंत्र टेलिफोन कंपनीने पहिला ९११ कॉल लावून दाखवला. विधानसभेचे अध्यक्ष रँकिन फाइट यांनी फोन केला आणि पोलीस ठाण्यात तो संसद सदस्य टॉम बेव्हिल यांनी उचलला.

क्रमांक मिळाला, पण तो चालवायचा कोणी, हे केंद्राने ठरवून दिले नाही. ९११ला देशाचा अधिकृत आणीबाणी क्रमांक ठरवणारा संघीय कायदा १९९९ साली आला. मधल्या तीन दशकांत हे काम राज्यांनी, काउंट्यांनी आणि नगरपालिकांनी आपापल्या परीने केले.

हद्दींचा गुंता केवढा होता, हे इलिनॉयच्या कायद्यातल्या व्याख्या सांगतात. आलेल्या कॉलचे काय करायचे, याच्या चार रीती तिथे दिल्या आहेत. कॉल घेणाऱ्या केंद्राने स्वतःच गाडी पाठवायची, ही पहिली. माहिती टिपून घेऊन योग्य दलाला कळवायची, ही दुसरी. कॉलच तिकडे जोडून द्यायचा, ही तिसरी. चौथ्या रीतीत, फोन करणाऱ्याला योग्य खात्याचा क्रमांक सांगायचा. घर एका गावाच्या अग्निशमन दलाखाली आणि टेलिफोनची तार दुसऱ्याच गावच्या एक्स्चेंजमध्ये, अशी स्थिती असली की पहिली रीत एकट्या गावाला कशी जमावी? त्यासाठी शेजाऱ्यांशी करार हवा, सामायिक यंत्रसामग्री हवी, आणि खर्चाची वाटणी करणारी जागा हवी.

ती जागा १९८७च्या दुरुस्तीने तयार होऊ लागली. काउंटीला किंवा नगरपालिकेला टेलिफोनच्या बिलावर अधिभार बसवायची मुभा मिळाली, पण सार्वमत घेऊनच. मतपत्रिकेवरचा प्रश्न कसा असावा, याचा नमुनाच कायद्याने दिला. दरमहा प्रत्येक जोडणीमागे किती सेंट, ही रक्कम तुमच्या बिलात येणार, आणि ती ९११ यंत्रणा बसवण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी आहे, हे तिन्ही मुद्दे एकाच प्रश्नात मतदारापुढे ठेवायचे. कर मागताना त्याचा हेतू आणि त्याची जागा दोन्ही सांगायला लावणारा हा मसुदा लोकशाहीवर श्रद्धा असलेल्यांनी जरूर वाचावा.

अधिभार आला की मंडळ नेमणे ओघाने आले. मंडळावर किमान पाच सदस्य. त्यांत त्या भागात राहणारा एक सामान्य नागरिक, आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा सेवांचे किमान तीन प्रतिनिधी. सदस्यांना मानधन नाही, फक्त झालेला खर्च मिळतो. यंत्रणेचे नियोजन, उपकरणांचे निकष, कर्मचाऱ्यांची नेमणूक आणि निधीचा विनियोग ही त्यांची कामे.

खरा कस आहे तो पैशाच्या कलमात. अधिभाराची रक्कम व्याज मिळणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवायची. काउंटीचा किंवा नगरपालिकेचा कोषाध्यक्ष या खात्याचा सांभाळकर्ता, पण आपल्या मनाने त्याने एक डॉलरही काढायचा नाही. खर्च होतो तो मंडळाच्या ठरावाने, आणि तो ठराव ‘सर्व सदस्यांच्या’ बहुमताने झालेला असावा लागतो. पाच जणांच्या मंडळात सभेला तिघेच आले, तर त्या तिघांचेही एकमत हवे. किल्ली एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याकडे, अशी ही बेतशीर रचना आहे.

या रचनेचे मोल कळते ते राज्याच्या तिजोरीकडे पाहिल्यावर. २००८च्या संघीय कायद्याने दूरसंचार आयोगाला ९११ शुल्काचा वार्षिक अहवाल संसदेला देणे बंधनकारक केले. हा पैसा इतरत्र वळवणाऱ्या राज्यांत न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांची नावे पुन्हा पुन्हा आली, आणि काही वर्षी इलिनॉयचेही आले. इलिनॉयमध्ये हात लागला तो राज्य पातळीवर साठवलेल्या मोबाइल अधिभाराला. स्थानिक खात्यातला पैसा मात्र मंडळाच्या ठरावाशिवाय हलू शकत नव्हता.

नंतर प्रवाहाची दिशाच बदलली. २०१५च्या कायद्याने जानेवारी २०१६पासून, शिकागो वगळता, राज्यभर दरमहा ८७ सेंटचा एकच अधिभार लागू झाला. २०१८पासून तो दीड डॉलर झाला. पैसा आधी राज्याच्या निधीत जमा होऊ लागला आणि तिथून मंडळांकडे येऊ लागला. त्याच कायद्याने एकत्रीकरणही सक्तीचे केले. २,५०,००० किंवा अधिक वस्तीच्या आणि एकाहून अधिक मंडळे असलेल्या काउंटीत २५,०००पेक्षा कमी लोकांना सेवा देणारे मंडळ वेगळे राहू शकत नाही. शिकागोच्या उपनगरांत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही हा अधिभार भरतात आणि याच मंडळांच्या केंद्रांवर विसंबून असतात.

एकत्रीकरणाला माझा विरोध नाही. हद्दी जुळत नाहीत ही तक्रार १९७५ सालीच कागदावर आली होती, आणि मोठे सामायिक केंद्र हे तिचे रास्त उत्तर आहे. पण मंडळे मोठी होताना आणि पैसा वरून येताना, वेगळे खाते आणि सर्व सदस्यांच्या बहुमताचा ठराव या दोन अटींना धक्का लागता कामा नये. या मंडळांच्या सभा खुल्या असतात, इतिवृत्ते मागून पाहता येतात. रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या माणसाची नेमणूक आणि त्याच्यापुढची यंत्रे कोणत्या ठरावाने आली, हे विचारणे नागरिकांचे काम आहे, आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांनीही ते करावे.