जामखेडचा अभ्यासक्रम कोणी लिहिला?

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी एक ऑनलाइन कोर्स तयार केला. माझं काम कोड लिहिण्याचं. आमच्या धंद्यात मजकूर पुरवणाऱ्या जाणकाराला 'सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट' म्हणतात. आमचे एक्स्पर्ट म्हणजे शहरातले चार डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी फुकट वेळ देणारे आणि अगदी मनापासून शिकवणारे. स्लाइड्स त्यांच्या, व्हिडिओ त्यांचे, प्रश्नही त्यांचेच.

चाचणीसाठी आम्ही नगर जिल्ह्यातल्या काही आशाताईंना बोलावलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा धडा सुरू होता. शेवटच्या स्लाइडवर 'रुग्णास तात्काळ संदर्भित करा' असं वाक्य आणि खाली हिरवं 'पुढे' बटण. एक ताई बटण दाबेनात. मला वाटलं, मोबाइल अडकला. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडं गाडी यायला तास लागतो. तो तासभर मी काय करायचं, ते यात कुठंय?"

ते त्यात कुठेच नव्हतं. चारही डॉक्टरांना त्या तासात काय करायचं ते नक्कीच माहीत होतं. पण गाडीची वाट बघण्याचा तो तास त्यांच्या कामात कधी आलाच नव्हता, त्यामुळे स्लाइडमध्येही आला नाही.

मी कर्जत तालुक्यातला. घरी हा किस्सा सांगितला तर आजी म्हणाली, "मग जामखेडला जाऊन विचारायचं ना, आरोळे डॉक्टरांच्या तिथं." जामखेड आमचा शेजारचा तालुका. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. एवढं जवळ असून आरोळे कोण, हे इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पाच वर्षं झाल्यावर मला आजीकडून कळलं. मग वाचत गेलो.

रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. साठच्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांना एक गोष्ट छळायला लागली. बरे करून घरी पाठवलेले पेशंट तोच आजार घेऊन परत येत, कारण आजार पाण्यातून, उपासमारीतून आणि जातीच्या उतरंडीतून येत होता. औषधाने तेवढ्यापुरतं भागायचं. पुढे ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली परत येऊन त्यांनी जामखेडला 'ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला. दुष्काळी, गरीब तालुका. त्या काळी इथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती.

त्यांची मूळ योजना आमच्यासारखीच होती, म्हणजे शिकलेला माणूस वरून खाली पाठवायचा. गावोगावी प्रशिक्षित नर्स राहतील, असं ठरलं. ते चाललं नाही. बाहेरगावची तरुण मुलगी एकटी गावात राहायला बिचकणार, आणि गावातली बाई तिच्याजवळ मन मोकळं करणार नाही. तेव्हा एका सरपंचाने सुचवलं की बाहेरची कशाला, आमच्याच गावातली एखादी बाई शिकवून द्या की.

गावांनी ज्या बायका पाठवल्या, त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुष्कळ जणी दलित वस्तीतल्या होत्या. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची ओळख. चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्याने सांगणं हाच कित्येकींचा पहिला धडा झाला.

या बायका नेमाने शिकायला जामखेडला येत आणि मुक्कामाला राहत. इथे जातीचा प्रश्न उभा राहिला. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, आणि रात्री पांघरायला सगळ्यांत मिळून शिवलेलं एकच भलंमोठं पांघरूण. अस्पृश्यतेवर भाषण देण्याऐवजी ही युक्ती काढणाऱ्याला मी सिस्टिम डिझायनर म्हणून पैकीच्या पैकी मार्क देईन. थंडीत कडेची जागा कोणालाच नको असते.

शिकवण्याची पद्धत मात्र युक्तीपेक्षा खोल होती. वर्गाची सुरुवात डॉक्टरांच्या विषयाने होत नसे. बायका गावात काय घडलं ते सांगत. कोणाचं मूल हगवणीने सुकलं, कोणाची बाळंतीण अडली, कोणत्या म्हातारीने औषध फेकून दिलं. त्यातून पुढचा धडा निघे. हगवणीत मूल पाणी कमी पडल्याने मरतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. आई त्याच वेळी पाणी का तोडते, हे त्या बायकांना ठाऊक होतं. गरोदर बाईने पोटभर खावं, हे पुस्तकात होतं. बाळ पोटात फार वाढलं तर बाळंतपण जड जाईल या भीतीने ती मुद्दाम कमी खाते, हे पुस्तकात नव्हतं. ही कारणं कळल्याशिवाय साखर-मिठाच्या पाण्याचा सल्ला फुकट जातो. मग चित्रांची कार्डं आली, गाणी आली, गोष्टी आल्या. वाचता न येणारी बाई मुलांची वजनं करू लागली, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखू लागली, स्वच्छ बाळंतपण करू लागली.

आम्ही याला 'फीडबॅक लूप' म्हणतो आणि त्याच्या मीटिंगा घेतो. त्या मीटिंगांना युजर नसतो, हा भाग वेगळा.

जगाने दखल लवकर घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'हेल्थ बाय द पीपल' हे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचा लेख होता. १९७८ साली आल्मा-आटाची प्राथमिक आरोग्य सेवेवरची परिषद झाली आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली उतरला होता. राज्याचा तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता.

दरम्यान दिल्लीनेही हीच कल्पना उचलली. १९७७ साली दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता अशी देशव्यापी योजना निघाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, छापील पुस्तिका, दरमहा ५० रुपये मानधन. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. योजना पुढे रखडत विझली. माझं मत विचाराल तर पुस्तिका वाईट नसेलही, पण ती एकदाच लिहिली गेली आणि तिला प्रश्न विचारायला दर आठवड्याला कोणी परत येणार नव्हतं.

जामखेडमध्ये पुढे जे झालं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नव्वदच्या दशकात तिथे प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशातले आणि परदेशातले डॉक्टर, नर्स, सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तिथे कोर्ससाठी येऊ लागले, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच गावच्या बायका होत्या. त्याआधीच, १९८८ साली, मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्य कार्यकर्ती वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत बोलली होती. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून तिने सांगितलं की ते सुंदर आहे, पण महाग आहे आणि गरिबाच्या हाताला लागत नाही. तिच्या हातातल्या साध्या दिव्याने मात्र दुसरा दिवा पेटवता येतो. सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट म्हणून मी आता तिचंच नाव पहिलं घेईन.

इथवर गोष्ट छान आहे. मला टोचतं ते पुढचं. या बायका स्वयंसेवक होत्या. संस्थेने पगाराऐवजी छोटी कर्जं, जोडधंदे, प्रतिष्ठा यांतून त्यांना उभं केलं. त्यामागचा युक्तिवाद असा की पगार घेणारी बाई पगार देणाऱ्याला बांधील होते, गावाला नाही. युक्तिवादात तथ्य आहे. पण २००५ नंतर सरकारने 'आशा' उभ्या केल्या तेव्हाही त्यांना स्वयंसेविकाच म्हटलं गेलं, आणि कामं मात्र वाढत गेली. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी संपावर उतरल्या. जामखेडची निवड आणि सरकारची काटकसर एका मापाने मोजू नये हे मला कळतं. तरी शब्द एकच आहे, आणि तो सोयीचा आहे.

आमच्या चार डॉक्टरांनाही पैसे नव्हते. पण त्यांचा रविवार बुडाला तर घरची चूल अडत नव्हती.

धड्याची दुसरी आवृत्ती करताना आम्ही सहा आशाताईंना डॉक्टरांसोबत एका टेबलाशी बसवलं. दोन दिवस लागले. गाडी येईपर्यंतचा तास असा भरला: १०८ ला फोन करून लगेच कामाला लागायचं, बाळाला छातीशी लावायचं, बाईला लघवी करायला लावायची, बेंबीखाली गर्भाशय हाताने चोळून घट्ट ठेवायचं, तिला उबेत ठेवायचं, आणि घरातल्या एका माणसाला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करायचं. शेवटचा मुद्दा ताईंचा. डॉक्टरांनी तो वहीत उतरून घेतला.

कोर्सच्या शेवटी 'तज्ज्ञ' अशी स्लाइड असते. तिथे आता दहा नावं आहेत. बजेटच्या एक्सेल शीटमध्ये मी एक रकाना वाढवलाय, 'ताईंची दोन दिवसांची मजुरी'. तीन वेळा मेल केला. रकाना अजून रिकामा आहे.