पनवेलची चाके

10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. घाट उतरलेल्या गाड्या पनवेलला येत. इथे गरज होती चाकांची.

ब्रिटिशकालीन गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीच्या चाकांची नोंद आहे. देशावरून घाट उतरलेला गाडीवान परतताना चाकांची एक जोडी सोबत नेई. कोकणात जंगल जवळ, बंदर जवळ आणि घाट चाके खिळखिळी करायला तयारच.

अडगळीत पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे हे मात्र खरे कसब. उन्हात लाकूड आकसते, चाकाचे आरे मधल्या तुंब्यात हलू लागतात, कडेची लोखंडी धाव सैल पडते. थोडेच बिघडले असेल तर चाक पाण्यात बुडवून ठेवत. लाकूड फुगून सांधे घट्ट होत. जास्त बिघडले की सुतार मोडके आरे बदली आणि लोहार धाव कापून तिचा घेर कमी करी. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आवळले की सगळे चाक करकचून एकत्र येई. घेर किती कमी करायचा, हा सगळा हिशेब नजरेचा. शेवटी आसाला वंगण.

1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि लांबची मालवाहतूक तिकडे वळली. पुढे बैलगाडीलाच रबरी टायर लागले.