अकरा महिन्यांचे घर

काशीगावात भाड्याने घर शोधणाऱ्या कुटुंबापुढे आधी अनामत रकमेचा प्रश्न येतो, मग ११ महिन्यांच्या कराराचा. या अल्प मुदतीमागे दीर्घ इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धातील टंचाईमुळे १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंचे रक्षण झाले. परंतु घर भाड्याने देणे परवडेनासे झाले आणि पागडी फोफावली. १९७३ साली, १ फेब्रुवारी रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालक अधिकच धास्तावले. मुंबईत जागा न मिळालेली माणसे उत्तरेकडे सरकली. मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका.

२००० साली अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपताच परवानाधारकाकडून घर परत मिळण्याची सोय केली. मालकाची भीती सरली, ती बिऱ्हाडकरूच्या वाट्याला आली. जुन्या कायद्याने घरात असलेल्याला अभय दिले, नव्याने दार किलकिले केले. दाराबाहेरच्याला स्थैर्य मात्र दोघांनीही दिले नाही. मुलांची शाळा ११ महिन्यांत संपत नसते, हे कोणत्या कलमात लिहायचे?