तलाव कोणाचा? पाळीवरच्या गावांची गोष्ट

आज आपण आपल्या तलावाची गोष्ट करू. तलाव रोजचाच आहे. तिथं आपण धुणं धुतो, जनावरं पाजतो, त्याच्या पाण्यावर धान पिकवतो. पण तो आला कुठून, हे आपण विचारत नाही. डोंगर जसा आहे तसाच तलावही आहे, असं धरून चालतो. तसं नाही. आपले तलाव माणसांनी बांधले आहेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा धानाचा मुलूख. पाऊस इथं चांगला पडतो, पण त्याचा भरवसा नाही. रोवणी झाली आणि पावसानं ताण दिला की धान गेलं. म्हणून पावसाचं पाणी अडवून ठेवायचं आणि ताण पडला की सोडायचं. या गरजेतून तलाव झाले. लहान असेल तर आपण त्याला बोडी म्हणतो. मोठे-छोटे मिळून असे हजारो आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळंच. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्यातले कितीतरी तलाव तिकडे गेले.

हे काम गोंड राजांच्या काळात वाढलं. राजानं नियम केला की जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळेल, असं सांगतात. या कामात कोहळी समाजाचा हात मोठा. पाणी कुठून येईल, पाळ कुठं घालायची, उतार कसा आहे, हे ते जमीन पाहून ओळखत. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात.

तलावाची रचना साधी, पण विचारानं केलेली. दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ. पाणी सोडायला तुडुम. पाणी जास्त झालं तर पाळ फुटू नये म्हणून बाजूनं वाट, ती सलंग. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात जायचं. पाणी वाया जात नव्हतं.

पाटलाचं नाव आपल्याला माहीत आहे. पण एवढी माती एका माणसानं वाहिली नाही. तेव्हा यंत्रं नव्हती. कुदळीनं खणायचं आणि टोपली डोक्यावर घेऊन पाळीवर टाकायची. त्या टोपल्या वाहणाऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

इंग्रजांच्या राज्यात मालगुजार आले. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, हे त्यांचं काम. तलावही त्यांच्या नावावर लागले, म्हणून आजही आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. पण नाव मालगुजाराचं असलं तरी वापराचा हक्क गावाचा होता. शेताला पाणी, जनावरांना पाणी, मासोळी, गाळ, याला निस्तार हक्क म्हणतात.

देश स्वतंत्र झाला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. पुढं त्यातले बरेच जिल्हा परिषदेकडे आले. जुलमी पद्धत गेली, हे चांगलंच झालं. पण पूर्वी गाव मिळून पाळ दुरुस्त करायचं, गाळ काढायचं, ते मोडलं. तलाव सरकारचा, मग सरकार पाहील, असं आपण म्हणू लागलो. गाळ साचत गेला. बेशरम वाढली. कुठं कुठं कोरड्या पोटात शेतं झाली.

याचा पहिला फटका ढिवर समाजाला बसला. तलावात पूर्वी मरळीसारखे इथलेच मासे असत. ते तलावातच अंडी घालत. नंतर रोहू, कतला, मृगळ आले. हे मासे वाढतात लवकर, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. पाणवनस्पती गेल्या, तसे जुने मासेही कमी झाले. देवधान कमी झालं तर सारसानंही कुठं जावं?

पण गोष्ट इथं संपत नाही. अर्जुनी मोरगावच्या भागात ढिवर बायांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं काही तलावांतली बेशरम उपटली आणि पाणवनस्पती परत लावल्या. म्हणजे बिघडलेलं सुधारता येतं.

आता आपल्या कामाचं. तलाव कोणाचा, याचं उत्तर कागदावर असतं. विदर्भातल्या गावांचं निस्तारपत्रक असतं. गावाला कोणकोणते हक्क आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. वाजिब-उल-अर्ज नावाचा दुसरा कागद असतो. त्यात पाण्याचे आणि मासेमारीचे जुने रिवाज नोंदवतात. 2006 चा वनहक्क कायदा जंगलातल्या पाणवठ्यावरच्या मासोळीवरही गावाचा सामूहिक हक्क मानतो. गटातल्या चारपाच जणींनी मिळून तलाठ्याकडे जा. हे कागद मागा, मोठ्यानं वाचून घ्या. मग मच्छीमार संस्थेची सभासद यादी पाहा आणि तिच्यात बायांची नावं किती आहेत ते मोजा.

रोजगार हमीत आपण गाळ काढला, पाळ भरली. हजेरीपटावर आपली नावं आहेत. जुन्या टोपलीवालींना ते नशिबी नव्हतं. म्हणून गटाच्या वहीत एक पान तलावासाठी ठेवा. कोणत्या वर्षी गाळ काढला, किती जणी होत्या, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं, कोणती मासोळी दिसली, सगळं लिहा. म्हाताऱ्या आयांना विचारून त्यांच्या वेळचंही लिहा. उद्या कोणी विचारलं, तलाव कोणाचा, तर वही पुढं करता येईल.