१८१८ नंतरची रद्दी : आधुनिक युद्धविषयक जुन्या ग्रंथांचा संग्रह आणि मराठी इतिहासदृष्टी

१

ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने आपल्या राजाला एक पत्र लिहिले. शहाजीच्या एका मुलाने वसई आणि चौल यांच्या लगतचा मुलूख ताब्यात घेतला असून भिवंडी, कल्याण व पनवेल येथे त्याने काही लढाऊ जहाजे बांधली आहेत, अशी चिंतेची नोंद या पत्रात आहे. मराठ्यांच्या आरमाराच्या प्रारंभाविषयी जे मोजके समकालीन पुरावे आहेत, त्यांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे. भिवंडीच्या खाडीकाठी चाललेल्या या उद्योगाची हकीकत भिवंडीत राहिली नाही; ती प्रतिपक्षाच्या दप्तरात राहिली. गोव्याच्या अभिलेखागारात आयुष्य वेचलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकामुळे आणि पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथामुळे अशी साधने मराठी वाचकापर्यंत पोहोचली.

युद्ध कोण जिंकले याचा निर्णय रणांगणावर होत असेल. पण युद्ध झाले कसे, याचे ज्ञान मात्र ज्याने कागद जपला त्याच्याजवळ राहते. सतराव्या शतकाच्या बाबतीत ही गोष्ट मराठी इतिहाससंशोधनाने फार लवकर ओळखली. विसाव्या शतकाच्या बाबतीत ती ओळखली गेली काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. आधुनिक युद्धे आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांवरील जुनी, वापरलेली पुस्तके जमविणे हा आजवर खाजगी छंद मानला गेला. वस्तुतः मराठी समाजाच्या आधुनिक युद्धभानाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ही पुस्तके हेच त्याचे एक प्रमुख साधन ठरते.

२

मराठीतील साधनसंग्रहाची परंपराच मुळी युद्धाच्या कागदांपासून सुरू होते. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो पानिपतपूर्व दशकातील व प्रत्यक्ष पानिपतच्या मोहिमेतील पत्रव्यवहाराचा होता. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतची मीमांसा १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत मांडली. माळ्यावरचे, बासनातले, वाळवीने अर्धे खाल्लेले कागद म्हणजे राष्ट्राची ठेव आहे, ही जाणीव या परंपरेने मराठी सुशिक्षितांच्या मनात रुजविली. जुने दप्तर रद्दीत घालणारा माणूस त्यामुळे अपराधी ठरला.

परंतु या जाणिवेला एक सीमा आहे, आणि ती १८१८ ची आहे. राज्य गेले, त्याबरोबर युद्धही ‘आपले’ राहिले नाही, असे काहीसे हे अव्यक्त गृहीतक दिसते. मोडी लिपीतील चिटोरे संग्राह्य ठरले. छापील पुस्तक, तेही इंग्रजी, तेही विसाव्या शतकातले, ते मात्र संग्राह्य ठरले नाही.

वास्तविक या सीमेपलीकडे मराठी माणूस युद्धातून बाहेर पडलेला नव्हता. मेसोपोटेमियातील कूत येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, तेव्हा त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे यांना १९४४ साली मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे हे माणगाव तालुक्यातले, म्हणजे कोकणातलेच. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावी महायुद्धावर गेलेल्यांची स्मृती शिलालेखावर कोरलेली आहे. दगडाने संख्या राखली. तपशील मात्र ग्रंथांत विखुरला. कूतची कहाणी टाउनशेंडच्या १९२० सालच्या आत्मसमर्थनात सापडते, इटलीची कहाणी ‘द टायगर ट्रायम्फ्स’ या १९४६ च्या सरकारी वृत्तांतात. मराठी सैनिकाचा विसाव्या शतकातील इतिहास असा परक्या भाषेत, परक्याच्या दृष्टिकोनातून छापला गेला. १६५९ च्या भिवंडीची जी स्थिती, तीच १९१६ च्या मराठा पलटणीची. फरक इतकाच की पोर्तुगीज पत्राला पिसुर्लेकरांसारखा संशोधक भेटला, आणि या ग्रंथांच्या वाट्याला बहुधा रद्दीवाल्याचा वजनकाटा आला.

३

ही पुस्तके मराठी मुलखात कशी आली आणि कशी फिरली, हे पाहिले म्हणजे त्यांच्या संग्रहाचे स्वरूप स्पष्ट होते. पहिला प्रवाह सरकारी प्रचाराचा. ‘द टायगर स्ट्राइक्स’ (१९४२), ‘द टायगर किल्स’ (१९४४) आणि वर उल्लेखिलेले तिसरे पुस्तक हे त्याचे नमुने होत. दुसरा प्रवाह १९३७ पासून निघू लागलेल्या पेंग्विन स्पेशल मालेसारख्या स्वस्त पुस्तकांचा. युरोपातील घडामोडी ताज्या असतानाच त्यांवर लिहिलेली ही पुस्तके होती. तिसरा प्रवाह शीतयुद्धाने आणला. एकीकडे मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची नाममात्र किमतीची पुस्तके आणि दुसरीकडे अमेरिकी साहाय्याने निघालेल्या स्वस्त आवृत्त्या. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि त्या पुस्तकांचा ओघही आटला. ज्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध छापले, त्यांची पुस्तके पुढे पदपथावरच्या एकाच ढिगात शेजारी-शेजारी आली.

मुंबईत या ढिगांना स्वतःचा भूगोल होता. धोबी तलावानजीकचे, १९०५ साली सुरू झालेले ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ आता बंद झाले आहे. फ्लोरा फाउंटन परिसरातील पदपथविक्रेत्यांना २००५ साली महापालिकेने हटविले. त्यानंतर तो बाजार पूर्वीच्या विस्ताराने उभा राहिला नाही. निवृत्त अधिकाऱ्याचे निधन, जुन्या घराचा पुनर्विकास, एखाद्या ग्रंथालयाचे निर्लेखन अशा प्रसंगांनी पुस्तक घराबाहेर पडते, आणि मग ते कोणाच्या हाती लागेल हे योगायोगावर अवलंबून राहते. विकणारा ते विषयाने ओळखत नाही. आकार, बांधणी व मुखपृष्ठ यांवरून ओळखतो. त्यामुळे पलटणीचा इतिहास शिकारकथांत सापडतो आणि तहांचा संग्रह कायद्याच्या पुस्तकांत. संग्राहकाचे पहिले काम म्हणजे हे चुकलेले वर्गीकरण सुधारणे.

भिवंडीचा संबंध येथे पुन्हा येतो. मुंबई-आग्रा मार्गावरचे हे गाव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन विणकर याच मार्गाने मालेगाव-भिवंडीकडे आले, असे सांगितले जाते. म्हणजे गावाच्या आधुनिक घडणीतही एका युद्धाचा हात आहे. हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि अलीकडे राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ पर्यंत अस्तित्वात होती. तिच्या हद्दीबाहेर माल साठविणे सोयीचे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. महानगराची साठवण जेथे होते तेथे त्याचे भंगारही येते. मुंबई-ठाण्यातील रद्दी याच पट्ट्यातील भंगारगोदामांतून वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांकडे जाते, तेव्हा त्या गठ्ठ्यात काय होते याची नोंद कोणी ठेवत नाही.

४

यावर एक आक्षेप संभवतो. महत्त्वाची पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत आहेतच, अनेकांच्या संगणकीय प्रती उपलब्ध आहेत. मग वापरलेली जुनी प्रत राखण्याचे प्रयोजन काय?

याचे पहिले उत्तर आवृत्तीच्या काळात आहे. १९६२ च्या चीन युद्धाचे उदाहरण घ्यावे. बी. एम. कौल यांचे समर्थन १९६७ साली आले, त्याला छेद देणारे जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ साली मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने काढले, नेव्हिल मॅक्सवेल यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. पूर्व विभागाचे प्रमुख असताना धोक्याची सूचना देणारे ले. जनरल एस. पी. पी. थोरात यांचे आत्मकथन १९८६ चे, आणि युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीवरील राम प्रधान यांचे पुस्तक १९९९ चे. हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग मॅक्सवेल यांनी २०१४ साली उघड केला. या क्रमाने वाचणाऱ्या वाचकाला कोणत्या वर्षी किती माहीत होते, हे त्या त्या पुस्तकाच्या प्रतीवरूनच कळते. हान्स रॉबर्ट याउस यांनी ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे प्रत्यक्ष तारखांनिशी हाती येते. केवळ शेवटचे पुस्तक राखले तर पश्चात्बुद्धी तेवढी राहते.

दुसरे उत्तर प्रतीच्या अंगावर आहे. ग्रंथालयाचा शिक्का, दाखल क्रमांक, खरेदीची तारीख, समासातील शाईच्या टिपा, पानांत ठेवलेले वृत्तपत्राचे कात्रण, यांतून पुस्तक कोणी, कधी व कोणत्या मनःस्थितीत वाचले याचा माग लागतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ या काळात मराठीत काय छापले गेले हे सांगितले. मराठी माणसाने काय वाचले, हे कोणतीही सूची सांगत नाही. त्यासाठी वाचलेली प्रतच लागते.

५

जुन्या छापील कागदाच्या या सामर्थ्याची मराठी वैचारिक इतिहासातील सर्वांत ठळक साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेत त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली, असे चरित्रकार नोंदवितात. १९१७ साली ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडविले गेले. जुन्या ग्रंथांचा एक मराठी संग्रह आधुनिक युद्धानेच असा समुद्रात घातला.

पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ (१९४०) या ग्रंथात त्यांना हिंदी सैन्याच्या घडणीचा प्रश्न हाताळावा लागला. सैन्यात कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, ही माहिती सरकार विधिमंडळातही देत नव्हते. तेव्हा आंबेडकरांनी आधार घेतला तो ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात १९३० व १९३१ साली आलेल्या नीरद चौधुरी यांच्या लेखमालेचा. दहा वर्षे जुन्या मासिकाच्या अंकांतील आकडेवारीवर त्यांनी पाकिस्तानच्या लष्करी बाजूची मीमांसा उभी केली. राज्यसंस्था जेव्हा माहिती नाकारते तेव्हा जुना छापील कागद नागरिकाच्या हातातील पुरावा बनतो. ते अंक कोणीच जपले नसते, तर त्या प्रकरणाचे स्वरूप निश्चितच वेगळे झाले असते.

६

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीनेही हा प्रश्न दुय्यम नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) युरोपातून परागंदा झालेल्या ज्यूंचे दुःख बोटीवरच्या प्रेमकथेत आणले. त्या कादंबरीची चर्चा मानवी संबंधांच्या अंगाने विपुल झाली. परंतु १९३९ च्या मराठी वाचकाला युरोपच्या राजकारणाची माहिती कोणत्या पुस्तकांतून होत होती, हे ठाऊक नसल्यामुळे तिच्या पहिल्या स्वागताचा अर्थ अपुरा राहतो. वि. स. वाळिंबे यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’, वि. ग. कानिटकर यांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि ‘व्हिएतनाम : अर्थ आणि अनर्थ’ या ग्रंथांनी तर कित्येक वाचकांना जागतिक युद्धांचा पहिला परिचय घडविला. हे लेखन मुख्यतः इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने घडलेले आहे. अशा लेखनात आधारग्रंथाची निवड हीच पुष्कळदा लेखकाची भूमिका असते. लेखकापुढे कोणते ग्रंथ होते, कोणते नव्हते आणि त्यांतील काय वगळले गेले, हे तपासल्याशिवाय या वाङ्मयाची समीक्षा ‘ओघवती शैली’ या शेऱ्यापलीकडे जात नाही. ती तपासणी करावयाची तर त्या काळी मुंबई-पुण्याच्या बाजारात फिरणाऱ्या प्रतीच शोधाव्या लागतात.

या कामासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. १८६४ चे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, भिवंडीचे वाचन मंदिर अशी जुन्या ग्रंथालयांची साखळी याच पट्ट्यात आहे. निर्लेखन करताना युद्ध व परराष्ट्रकारण या वर्गातील पुस्तकांची यादी करावी, आवृत्ती, शिक्के व समासटिपा नोंदवाव्यात आणि निदान एक प्रत जिल्ह्यात राहील असे पाहावे, एवढे केले तरी पुढील संशोधकाला आरंभबिंदू मिळेल. विद्यापीठीय मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा याद्यांचे काम देण्यास हरकत नसावी. राजवाड्यांच्या पिढीने मोडी कागदासाठी जी पायपीट केली, तीच आता छापील कागदासाठी करावयाची आहे. भिवंडीत कोणती जहाजे बांधली गेली हे सांगायला गोव्याचे दप्तर होते. भिवंडीच्या गोदामांतून कोणती पुस्तके गिरणीकडे गेली, हे सांगणारे दप्तर अद्याप कोठेही नाही.