सुरतेची पुंजी : १६६४

ज्या बंदरातून मक्केचे यात्रेकरू निघत, ज्याच्या जकातीवर मोगल खजिना पोसला जाई, त्या सुरतेचा अंमलदार इनायतखान १६६४ च्या जानेवारीत, शिवाजी महाराज येत असल्याची वार्ता ऐकताच, रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला, आणि काही दिवसांसाठी तेथील राज्यव्यवस्था अक्षरशः लोप पावली. अशा समयी कोणत्या वस्तूला मोल उरते, याची इतकी कठोर परीक्षा क्वचितच झाली असेल. वखारींत रचलेल्या अवजड मालापेक्षा, घोड्याच्या पाठीवर चटकन लादता येणाऱ्या सोने, रुपे, मोती व रत्ने यांनाच मराठ्यांनी पसंती दिली. त्यामुळे जे धन सर्वांत सुवाह्य, तेच सर्वांत आधी गेले. विरजी व्होरा या सावकाराची हवेली लुटून जाळली गेली. उलट, जॉर्ज ऑक्झेंडनच्या इंग्रजांनी बंदुका सज्ज ठेवून आपली वखार राखली. आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो दानशूर होता म्हणून, महाराजांनी वगळले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. त्या नोंदीचे मोल मला साऱ्या जडजवाहिरापेक्षा अधिक वाटते.

पेढीची पत मात्र पेटीत नसते. देशोदेशीच्या आडत्यांच्या विश्वासावर ती उभी असते. लुटीनंतरही विरजी व्होरा व्यापारात टिकून होता. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षाची जकात माफ केली, शहराभोवती तट उभारण्याची आज्ञा दिली. तरीही १६७० च्या ऑक्टोबरात मराठी फौज पुन्हा सुरतेत शिरली.